उतारावर पाठ करून

चूक माझीच होती. अंजलैअक्का गाडीखाली उताणी पडली होती, तिच्या शेजारी पाना घेऊन मी, आणि तिनं मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "रायप्पा, बाजूचं बूच ढिलं कर." ट्रान्सफर केसला, म्हणजे गाडीखालच्या गिअरच्या पेटीला, दोन बुचं असतात. बाजूचं असतं ते आत ऑइल किती आहे हे बघायला, त्यातून फार तर बोटभर ऑइल ओघळतं. खालचं असतं ते आतलं सगळं सोडून द्यायला. आता मी पडलो होतो कुशीवर. कुशीवर पडलेल्या माणसाला खालचं बूच बाजूलाच दिसतं. मी माझ्या बाजूचं बूच फिरवलं.

काकवीसारखी जाड धार थेट अक्काच्या कपाळावर पडली. तिथून भुवयांत, नाकात, आणि मला शिवी द्यायला तिनं तोंड उघडलंच होतं, म्हणून तोंडातही. गिअर ऑइलचा वास ज्याला माहीत नाही त्यानं सडक्या अंड्यांत लसूण वाटून तो गोळा पावसाळाभर पत्र्याच्या पेटीत ठेवावा, आणि मग श्रावणात उघडावा. अक्का सरपटत बाहेर आली, थुंकली, पदराच्या आतल्या बाजूनं डोळे पुसले, पुन्हा थुंकली, आणि माझ्याकडे न बघता गालावरचं ऑइल दोन बोटांत घेऊन चोळायला लागली. हुंगलं. उन्हात धरलं.

"छी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण चांगलं आहे."

गाडी पाक लेहची होती. पाक लेह म्हणजे सरकारी रोड रोलर चालवून निवृत्त झालेला शांत म्हातारा. गाडी हल्ली कण्हते, पेटी जाणार बहुतेक, या भीतीनं त्यानं ती विकायला काढली होती. तो दारात आमच्यासाठी चहा घेऊन उभा होता.

"करपट वास नाही," अक्का त्याला सांगायला लागली. "लोखंडाची कणी नाही. पाक लेह, तुझी पेटी अजून दहा वर्षं हूं की चूं करायची नाही."

"खरंच?"

"अरे, तोंडात घेऊन सांगतेय!"

पाक लेहचा चेहरा असा उजळला की आम्हालाही क्षणभर बरं वाटलं. त्यानं चहाचे पेले खाली ठेवले, गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मग मी कशाला विकू?"

त्यानं अक्काला साबण दिला, नेसायला बायकोचा जुना सारोंग दिला, केळ्याची भजी दिली, नवं ऑइल भरायचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत, आणि गाडीही दिली नाही. परतीच्या वाटेवर अक्का माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. वास बोलत होता तेवढा पुरे होता.

अक्काला गाडी का हवी होती, हे मलेशियातल्या आमच्या ब्रिंचांगच्या डोंगरावर कोणाला सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगतो. वरच्या अंगाला चोंग मंडळींचे मळे आहेत. कोबी, मुळा, पालक. तिथून खाली डांबरी रस्त्यापर्यंत मातीचा उतार आहे. त्याला रस्ता म्हणायचं ते केवळ त्याच्या दोन्ही बाजूंना रस्ता नाही म्हणून. त्या उतारावरून माल खाली आणायचं काम अंजलैअक्का वयाच्या पंचविशीपासून करते. खरं तर ते तिच्या नवऱ्याचं काम. पण सौंदरला उताराची भोवळ येते. लग्नानंतर पहिल्याच खेपेला त्यानं डोळे मिटून गाडी खाली आणली, आणि खाली येऊन सांगितलं की उद्यापासून मी घरी रसम करतो, तू गाडी चालव. तेव्हापासून तो रसम करतो. अक्का रोज रात्री तोंड वाकडं करून ते पिते. "छी, आज पुन्हा चिंच जास्त," म्हणते आणि दुसरी वाटी मागते.

किळस हा अक्काचा स्वभाव आहे असं लोक म्हणतात. मी म्हणतो, तो तिचा धंदा आहे. कोंबडीखताच्या वासात, माश्यांत आणि सडलेल्या कोबीच्या पानांत आयुष्य गेलं तरी तिचं नाक मेलं नाही. उलट ते दर वर्षी जास्त तिखट होत गेलं. मी स्ट्रॉबेरीचा जॅम करून पर्यटकांना विकतो. अक्का माझ्या दुकानावरून जाताना नाकाला पदर लावते. "साखरेत फळ मारतोस," म्हणते. काडीला टोचून चॉकलेटात बुडवलेल्या स्ट्रॉबेऱ्या खाणारी माणसं तिला दिसली की ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाते. पण तिची सगळ्यात मोठी किळस राखून ठेवलेली आहे ती वळणावरच्या एका कॅफेसाठी. त्यांनी आमच्या डोंगरातली एक जुनी चाळीस वर्षं राबलेली गाडी विकत घेतली, तिचं इंजिन काढलं, तिथं फुलांच्या कुंड्या ठेवल्या आणि दारात उभी केली. लोक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. अक्का तिथून जाताना दर वेळी एकच वाक्य म्हणते, "मेलेल्या माणसाच्या तोंडात फुलं कोंबलीत."

म्हणूनच पंचाईत झाली होती. त्या जुन्या विलायती गाड्या हल्ली मिळत नाहीत. शहरातले लोक त्यांना 'क्लासिक' म्हणतात आणि आम्ही म्हणू त्याच्या दुप्पट भावानं उचलतात. अक्काची स्वतःची गाडी महिनाभरापूर्वी दगडावर बसली आणि ट्रान्सफर केसच्या कवचाला मनगटाएवढी भेग गेली. आतले गिअर शाबूत, दात नव्यासारखे, पण कवचच फुटलं तर त्यांना बसवायचं कुठं? चोंग मंडळींनी तिला पुढच्या कापणीपर्यंत मुदत दिली होती. तोवर गाडी उभी राहिली नाही तर ते माल खाली आणायला तारेवरचा पाळणा बसवणार होते. ते तिला प्रेमानंच सांगायला आले होते, सोबत मुळेही आणले होते. "तुम्ही आता दमलात, अंजलैअक्का, आराम करा." ते गेल्यावर अक्का ओसरीवर बसून मुळ्यांकडे बघत राहिली. "आराम करा," तिनं त्यांची नक्कल केली. "म्हणजे दिवसभर ह्याचं रसम हुंगत बसू." आतून सौंदरनं पळीचा आवाज केला. माझ्या लक्षात आलं की ती घाबरली आहे. एवढ्या वर्षांत ती घाबरलेली मी पाहिली नव्हती.

ट्रान्सफर केस म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. इंजिनमागे मुख्य गिअरबॉक्स असतो, त्याच्यामागे ही दुसरी पेटी. एका घरातल्या दोन जावा समजा. थोरली नावाची, लोकांसमोर मिरवायची. चढ आला, चिखल आला, ओझं आलं की काम धाकटीकडे. तीच पुढची-मागची चाकं एकदम ओढायला लावते, आणि तीच गाडीला 'लो'मध्ये घालते. कोबी भरलेली गाडी उतारावरून नुसत्या ब्रेकवर आणता येत नाही. ब्रेक तापतात, मग आपला पाय दाबत राहतो आणि गाडी आपल्याच विचारात खाली जात असते. लोमध्ये गाडीला मागून कोणी तरी पदराला धरून ठेवल्यासारखं होतं. पण त्या पेटीतले दात झिजलेले असले की भर उतारावर, ओझं मागून रेटत असताना, गिअरचा दांडा फटकन सुटून मध्ये येतो. मग धरायला कोणी नसतं.

पाक लेहचं दार बंद झालं तेव्हा डोंगरावर विकायची एकच गाडी उरली होती, आणि ती होती कन्नियप्पनकडे.

कन्नियप्पन दलाल आहे. लॉरी, गाड्या, पाण्याचे पंप, लग्नातले मंडप, काहीही. त्याच्या अंगाला अत्तराचा वास येतो, आणि अत्तराखाली कशाचा येतो हे आजवर कोणाला नक्की सांगता आलेलं नाही. आम्ही त्याच्या अंगणात शिरलो तेव्हा तो आरामखुर्चीत बसला होता. उजव्या गुडघ्याला बँडेज. पँटच्या वरून.

"या, या, अक्का! किती दिवसांनी! तब्येत सुटलीय हं."

"तुझी जीभ सुटलीय. गाडी दाखव."

गाडीला पिस्त्याचा रंग मारला होता. नुसत्या पत्र्याला नव्हे. रबरालाही, बिजागरीलाही, आणि गंजाचे पोपडे होते त्यांनाही जागच्या जागी. सीटवर वाघाच्या पट्ट्यांचं कापड. दार उघडलं तर आतून लॅव्हेंडरचा भपकारा आला आणि त्याच्या मागून, जरा उशिरा, मेलेल्या उंदराचा.

"छी! कधीची आहे?"

"क्लासिक आहे, अक्का."

"मी साल विचारलं."

"क्लासिकला साल विचारत नाहीत. क्वालालंपूरचे लोक रांगा लावून आहेत. म्हटलं, आधी घरचं माणूस."

"रांग दिसत नाही कुठं. उंदीर बघून पळाली वाटतं."

ती गाडीखाली गेली. मलाही बोलावलं, पण पाना माझ्या हातून काढून घेतला आणि टॉर्च दिला. ट्रान्सफर केस चकाचक होती. ऑइलचा एक थेंब नाही, मातीचा एक कण नाही. अक्कानं तिच्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे असं पाहिलं जणू बोटानंच काही तरी लाजिरवाणं केलं आहे.

"डिझेलनं पुसलीय," ती मला म्हणाली. "चाळीस वर्षांच्या पेटीला घाम येत नाही म्हणजे कोणी तरी आत्ताच टॉवेल फिरवला." तिनं बाजूचं बूच उघडलं. बाजूचंच. ऑइल मधासारखं सोनेरी होतं. हुंगून ती तोंड मुरडत बाहेर आली. "कालचं आहे."

"सर्व्हिस करून ठेवली तुझ्यासाठी!" कन्नियप्पन खुर्चीतून म्हणाला.

"मी येणार हे मला आज सकाळी कळलं. तुला काल कसं कळलं?"

"मनाला मन कळतं, अक्का."

"छी!"

जुनं ऑइल असतं तर त्यानं सगळं सांगितलं असतं. करपलेलं आहे का, त्यात जरीसारखी लोखंडाची चकमक आहे का. नव्या ऑइलला काहीच माहीत नसतं. त्यात ते चांगलं दाट घातलं होतं. आतले दात रडत असले तरी त्या रडण्याचा आवाज बाहेर येऊ नये अशी सोय. भेग नव्हती हे मात्र खरं. कवच ठणठणीत होतं. अक्कानं पान्यानं चारी बाजूंनी ठोकून ऐकलं. आता उरला होता उतार.

आमच्याकडे जुनी गाडी विकायची तर विकणाऱ्याला उतार चालून दाखवावा लागतो. ही रीत कोणी सुरू केली माहीत नाही, पण ती मोडलेली मी पाहिली नाही. गाडीत कोबीच्या टोपल्या भरायच्या, गाडी लोमध्ये घालायची, आणि ब्रेकवर पाय न ठेवता उतारावरून सोडायची. गाडीच्या पुढे, अगदी बॉनेटच्या पुढे, विकणाऱ्यानं चालायचं. पाठ गाडीकडे. त्यानं मागे वळून पाहिलं की भाव उतरला. जितक्या वेळा मान वळली तितक्या पायऱ्या खाली. ज्याला आपल्या गाडीची खात्री आहे तो खांद्यावर पंचा टाकून शीळ घालत चालतो. ज्याला नाही, त्याला आपल्या पाठीला डोळे फुटल्यासारखं होतं. कडेला उडी मारली तर सौदा मोडला आणि सगळ्यांना चहा त्याच्याकडून. ह्यात ट्रान्सफर केसची परीक्षा होते तितकीच माणसाचीही होते, आणि दोन्हींतलं खोटं एकदमच बाहेर पडतं. निदान तसं आम्ही त्या दिवसापर्यंत समजत होतो.

"मी चाललो असतो गं," कन्नियप्पननं गुडघ्यावरून हात फिरवला. "पण हे बघ. डॉक्टरनं पाऊल टाकू नको म्हटलंय. माझ्या वतीनं सासरे चालतील. घरचाच माणूस आहे, रीत काही मोडत नाही."

रीत मोडत नव्हती. पाय मोडलेल्या माणसाचा भाऊ चालल्याचं, आजारी माणसाची बायको चालल्याचं उदाहरण आहे. आतून एक म्हातारा आला. पांढरी, लुंगीसारखी वेष्टी, पायांत मुलीच्या असाव्यात अशा गुलाबी चपला, चेहऱ्यावर असं हसू की जणू त्याला कुठं तरी लग्नाला नेत आहेत. महिन्याभरापूर्वी तो इपोहहून लेकीकडे राहायला आला होता. कोविंदसामी ताता, म्हणजे आजोबा. आम्ही नमस्कार केला. त्यानंही केला. कन्नियप्पननं त्याला खांद्याला धरून गाडीपुढे उभं केलं आणि हातानं उताराची दिशा दाखवली.

उताराच्या कडेला शेडमध्ये बायका कोबी टोपल्यांत भरत होत्या. त्यांनी लगेच काम थांबवलं. अशी परीक्षा म्हणजे त्यांना सिनेमाच. त्यांनीच त्या हिरव्या गाडीत टोपल्या चढवल्या. मी अक्काशेजारी बसलो. वाघाच्या सीटमधून काही तरी मऊ माझ्या मांडीखाली चेपलं गेलं. मी बघितलं नाही. आजही बघायची इच्छा नाही.

अक्कानं दांडा लोमध्ये टाकला. ताता चालायला लागला, त्याच्यामागे आम्ही.

आणि काय चालला तो! ना घाई, ना अडखळणं. पाठ ताठ, मान सरळ, हात मागे बांधलेले. गाडी त्याच्या टाचांपाशी गुरगुरत होती, चिखलात चाकं चरचरत होती, आणि तो आपला सकाळची हवा खायला निघाल्यासारखा. शेडमधल्या बायका टाचा उंचावून बघायला लागल्या. अशी पाठ त्यांनी पाहिली नव्हती.

"बघ," मी अक्काला म्हणालो, "आपण उगाच संशय घेतला. रंग वाईट असेल, गाडी चांगली आहे."

अक्काची नजर ताताच्या पाठीवर होती. तिचा चेहरा जरा सैल झाला होता. ओठांच्या कडेला मला तर हसूही दिसलं. ती मनातल्या मनात चोंग मंडळींच्या मळ्यात पोचली असणार.

त्याच क्षणी फटकन आवाज झाला. दांडा माझ्या गुडघ्यावर आदळून मध्ये आला आणि गाडी सुटली.

अक्कानं दोन्ही पाय ब्रेकवर मारले. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती चिखलावरून तशीच घसरत गेली. मागच्या टोपल्या पुढे आल्या, एक कोबी माझ्या डोक्यावर आपटला. बायका किंचाळल्या. अक्का ओरडली, "ताता! बाजूला! ताता!" आणि हॉर्नवर हात दाबून धरला. गाडी तिरकी होऊन थांबली तेव्हा तिचा बंपर आणि म्हाताऱ्याची वेष्टी यांच्यामध्ये हाताची वीत मावली नसती.

म्हातारा चालत राहिला.

हॉर्न वाजतच होता. तो चालत राहिला. वळणावरच्या पेरूच्या झाडापाशी पोचला, थांबला, पाठ आमच्याकडे करूनच त्यानं वेष्टी सावरली आणि झाडाला पाणी घातलं.

अक्कानं हॉर्नवरचा हात काढला. त्या शांततेत ती माझ्याकडे वळली, आणि मी तिच्या तोंडावर जे पाहिलं ते रसमचं नव्हतं, उंदराचं नव्हतं, तोंडात गेलेल्या ऑइलचंही नव्हतं.

"ह्याला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

आम्ही उतरलो. मागून जवळ गेलो. मी त्याच्या कानाशी टाळी वाजवली, काही नाही. समोर गेलो तेव्हा दचकला आणि मग ओळखून गोड हसला. "पोचली का गाडी?" त्यानं बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं. "छान! आता करीपफ खायला मिळेल. जावई असाच फिरायला पाठवतो हं मला, दर वेळी नव्या उतारावर. प्रत्येक वेळी करीपफ. म्हणतो, तुमच्या प्रकृतीला बरं." त्यानं वर गाडीकडे पाहिलं. "लोक मागून गाडी घेऊन सोबतीला येतात. फार प्रेमळ माणसं आहेत तुमच्या गावची."

अक्का कडेला गेली आणि ओकली. खरंच ओकली. तोंडात ट्रान्सफर केस रिकामी झाली तेव्हा जी बाई नुसती थुंकली होती, ती.

मग ती वर आली. कन्नियप्पन खुर्चीतून उठून उताराच्या तोंडापर्यंत आला होता. दोन्ही पायांवर.

"काही झालं नाही ना?" तो म्हणाला. "दांडा नीट बसला नसेल, अक्का. तुझा हात आता—"

"किती जणांसमोर चालवलास त्याला?"

"अगं, म्हाताऱ्याला व्यायाम होतो. दिवसभर घरात बसून काय करायचं? त्याला स्वतःलाच आवडतं, विचार त्याला."

"तो मेला असता."

"मेला कुठं? तू आहेस ना ब्रेक मारायला. मला माहीत होतं, अंजलैअक्का म्हणजे—"

"बोलू नकोस. तोंड उघडतोस तेव्हा उंदरापेक्षा वाईट वास येतो." तिनं पदर नाकाला लावला, आणि त्या पदराआडून ती इतकं बोलली की शेडमधल्या बायका जवळ सरकत सरकत आमच्याभोवती आल्या. तिनं त्याचा रंग काढला, पिस्त्याचा नव्हे. बायकोच्या बापाला करीपफवर मरायला उभा करणारा माणूस कशाच्या ढिगावर वाढलेला असतो हे तिनं खतांच्या भाषेत सांगितलं, आणि ती भाषा तिला फार चांगली येते. मी छापू शकत नाही. बायका मध्ये मध्ये "छी, छी" म्हणून साथ देत होत्या. कन्नियप्पन हसत होता. मला वाटतं सगळ्यात ओंगळ तेच होतं.

"चल, अक्का," मी तिला हळूच म्हणालो. "ह्याच्या अंगणात उभं राहणंही नको."

ती हलली नाही. ती उतारावर तिरक्या उभ्या असलेल्या त्या हिरव्या गाडीकडे बघत होती. मला तिच्या मनातलं दिसत होतं, कारण ते साधं होतं. ह्या पेटीचं कवच ठणठणीत आणि आतले दात झिजलेले. तिच्या घरी पेटीचं कवच फुटलेलं आणि आतले दात नवे. दोन पेट्यांची एक पेटी होत होती, कापणीच्या आत होत होती. फक्त त्यासाठी ह्या माणसाच्या हातावर पैसे ठेवावे लागणार होते. अक्कानं आपला हात चोळला, जणू ते आत्ताच ठेवले आहेत.

"परीक्षा पुरी झाली नाही," ती शेवटी म्हणाली. "घरचा माणूस चालला, पण गाडी तळापर्यंत पोचली नाही. आता मालक चालेल."

कन्नियप्पनचं हसू जागच्या जागी राहिलं, बाकीचा चेहरा मागे गेला. "माझा गुडघा—"

"आत्ता धावत आलास तो कुठला गुडघा होता?" शेडमधली एक बाई म्हणाली.

"हा की तो?" दुसरी म्हणाली. "बँडेज बदलून दे, आम्ही थांबतो."

त्यानं इकडे तिकडे पाहिलं. नाही म्हणाला असता तर चाललं असतं. पण संध्याकाळच्या आत त्या बायका सगळ्या मळ्यांतून फिरल्या असत्या, आणि मग ह्या डोंगरावर कोणी त्याच्याकडून सायकलचा पंपही घेतला नसता. तो उतारावर गेला. गाडीच्या पुढे उभा राहिला. पाठ केली.

आम्ही आत बसलो. अक्कानं दांडा पुन्हा लोमध्ये टाकला. "धर," मला म्हणाली. "दोन्ही हातांनी. सुटू देऊ नकोस."

मी दांडा धरला. गाडी निघाली, आणि त्या दांड्यात जीव आल्यासारखा तो माझ्या तळहातांना ढकलायला लागला. मी दोन्ही पाय समोर टेकवून त्याला धरून बसलो. घामानं हात निसटत होते. समोर काचेतून कन्नियप्पनची मान दिसत होती, आणि त्या मानेवर अत्तरातून घाम ओघळत होता. तो चार पावलं चालला असेल नसेल, मान वळली.

"वळला!" शेडमधल्या बायका एका सुरात ओरडल्या. भाव उतरला.

पुन्हा चालला. पेटी गुरगुरली. पुन्हा वळला. "वळला!" मग तर त्याला ते आवरेनाच. ताता वळणावर पेरूखाली उभा राहून जावयाकडे बघत होता आणि कौतुकानं हात हलवत होता. कन्नियप्पन अर्धा पुढे अर्धा मागे असा, खेकड्यासारखा तिरका चालायला लागला, आणि त्या तिरकेपणाची किती वळणं धरायची यावर बायकांत भांडण लागलं. तळाशी पोचेपर्यंत भाव भंगाराच्याही खाली गेला होता. शेवटच्या वेळी त्यानं मान फुकट वळवली, सवयीनं.

अक्कानं पैसे बॉनेटवर ठेवले, त्याच्या हातात दिले नाहीत. ताताला गाडीत घेऊन त्याच्या लेकीकडे सोडलं. लेकीला सगळं सांगितलं. आत काय झालं मला माहीत नाही, पण बाहेर रस्त्यावर येईपर्यंत भांड्यांचे आवाज ऐकू येत होते.

घरी सौंदर अंगणात वाट बघत उभा होता. गाडी पाहून त्याला भोवळ आली की आनंद झाला, कळलं नाही; तो आत रसम गरम करायला पळाला. अक्का बादलीभर पाणी घेऊन हात धूत बसली. साबण लावायची, हुंगायची, पुन्हा लावायची. माझे हात अजून दांडा धरल्यासारखे वाकडेच होते.

"अक्का," मी म्हणालो, "उतारावर माझा हात सुटला असता, तर तू ब्रेक मारला असतास ना?"

अक्कानं हात हुंगले.

"ठरवलं नव्हतं."